बाप कोण, हे सरकारनं विचारायला हवं

29 सप्टेंबर 2022 ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की गर्भपाताच्या कायद्यात विवाहित आणि अविवाहित असा भेद करता येणार नाही. 20 ते 24 आठवड्यांपर्यंतची सवलत लग्न न झालेल्या बाईलाही मिळाली पाहिजे. प्रकरण 25 वर्षांच्या एका मुलीचं होतं. संबंध दोघांच्या मर्जीनं झाले होते, दिवस गेले, आणि ज्याच्यापासून गेले त्यानं ऐन वेळी लग्नाला नकार दिला. त्या आठवड्यात आमच्या वणीच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर चर्चा पेटली. मुलींना किती मोकळीक द्यावी, आईवडिलांचं लक्ष नको का, हॉस्टेलवर राहिलं की असंच होतं. काका बोलले, आत्या बोलल्या, वकील भाऊ बोलले, डॉक्टर वहिनींनी कायद्याची बाजू समजावून सांगितली. त्या मुलाबद्दल कुणीच काही बोललं नाही. तो काय करतो, तिच्या औषधपाण्याचा खर्च त्यानं दिला का, तिनं मूल ठेवलं असतं तर त्याच्यावर काय बंधन आलं असतं, यातलं काहीही कुणाला विचारावंसं वाटलं नाही. बातम्यांतही तो एका वाक्यात आला आणि गेला.

मी बरीच वर्षं जर्मनीत, स्टुटगार्टला राहते. इथे राहून मला एक गोष्ट पटली आहे आणि ती मी इथे स्पष्ट मांडणार आहे. नको असताना राहिलेल्या गर्भाची जबाबदारी पुरुषावर येते ती त्या संबंधामुळे. लग्न केलं की नाही, वचन दिलं होतं की नाही, प्रेम होतं की नाही, यावर ती अवलंबून ठेवली की ती हमखास निसटते. आपल्याकडे ती नेमकी तिथेच निसटते.

इथलं एक प्रकरण मी जवळून पाहिलं. मराठी मंडळाच्या ओळखीतून आलेला एक विद्यार्थी, मास्टर्स करणारा. नावगाव सांगत नाही. त्याच्या वर्गातल्या मुलीशी त्याचे संबंध होते, ते संपले, आणि काही महिन्यांनी तिला मुलगी झाली. मूल ठेवायचं हा निर्णय तिनं एकटीनं घेतला होता. एक दिवस याच्या पत्रपेटीत युगेंडआम्टचं पत्र आलं. युगेंडआम्ट म्हणजे मुलांच्या हिताचं काम पाहणारं स्थानिक सरकारी कार्यालय, प्रत्येक जिल्ह्यात आणि मोठ्या शहरात असतं. पत्र दोन पानांचं. अमुक तारखेला जन्मलेल्या अमुक मुलीचे वडील म्हणून आईनं आपलं नाव दिलं आहे. मान्य असेल तर वेळ ठरवून या, पितृत्व नोंदवण्याची फी लागत नाही. मान्य नसेल तर तसं कळवा, तपासणीची व्यवस्था करता येईल. उत्तरासाठी तारीख दिलेली. संपूर्ण पत्रात एकही विशेषण नव्हतं.

पोरगा पत्र घेऊन माझ्याकडे आला तेव्हा थरथरत होता. "ताई, मला अटक करतील का? व्हिसा जाईल का?" हेच त्याचे पहिले दोन प्रश्न. तसं काही होणार नाही म्हटल्यावर त्यानं घरी फोन लावला. त्याचे बाबा मला म्हणाले, "तुम्हीच विचारा तिला, किती पाहिजेत ते. एकदाच काय ते देऊन टाकतो आणि लिहून घेतो." त्या माणसाचा मला राग आला नाही. आपल्याकडे अशा प्रसंगी एवढाच मार्ग माहीत असतो. पण मला त्यांना सांगावं लागलं की इथे असं लिहून घेताच येत नाही. मुलाच्या पुढच्या पोटगीवर आईलासुद्धा पाणी सोडता येत नाही, कारण तो हक्क तिचा नाहीच, मुलाचा आहे. आईबापांनी आपसात काहीही ठरवलं तरी तो कागद मुलाला बांधत नाही.

त्यानं आधी तपासणी मागितली. मला धाकधूक होती की यावरून तमाशा होईल, मुलीला अपमान वाटेल. काही झालं नाही. बाळाच्या, आईच्या आणि याच्या गालाच्या आतून कापसाच्या काडीनं नमुना घेतला, अहवाल आला, तो बाप निघाला. मग आम्ही त्या कार्यालयात गेलो. त्याचं जर्मन कच्चं, म्हणून मी दुभाषी. टेबलापलीकडच्या बाईंनी त्याचा पासपोर्ट पाहिला आणि दस्त मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. हा नियमच आहे, दस्त पूर्ण वाचून दाखवल्याशिवाय सही घेता येत नाही. प्रत्येक वाक्यानंतर त्या थांबायच्या, मी मराठीत सांगायचे, तो मान हलवायचा. मी या मुलीचा पिता असल्याचं मान्य करतो. मुलीशी माझं कायदेशीर नातं जन्मापासून आहे. तिला माझ्याकडून पोटगीचा हक्क आहे. तिला माझा वारसाहक्क आहे. "वारसाहक्क" म्हटल्यावर त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे वळून पाहिलं. बाईंनी विचारलं, समजलं का, काही शंका? नाही म्हटल्यावर सही. तू असं का केलंस, लग्न का करत नाहीस, घरी सांगितलं आहेस का, असलं एक अक्षर त्यांच्या तोंडून निघालं नाही. जाताना त्यांनी बाळाला भेटायचा त्याचा हक्क काय आहे हेही सांगितलं आणि त्याचं पत्रक हातात दिलं.

तो शिकत होता तोवर त्याच्याकडून निघण्यासारखं फारसं नव्हतं, म्हणून सरकारनं त्या आईला आगाऊ पोटगी सुरू केली. बाप देत नसेल किंवा देऊ शकत नसेल तर ती मूल 18 वर्षांचं होईपर्यंत मिळू शकते. 2017 च्या जुलैपर्यंत ती मूल 12 वर्षांचं झालं की थांबायची. 2025 मध्ये सहा वर्षांखालच्या मुलाला ही रक्कम महिना 227 युरो होती. ती दान नाही. बाप कमवू लागला आणि देणं त्याच्याच्यानं शक्य असलं तर सरकार त्याच्याकडे मागतं. याला नोकरी लागल्यावर त्यानं त्याच कार्यालयात पोटगीच्या दस्तावरही सही केली. त्या सहीला कोर्टाच्या हुकमाइतकी ताकद असते. पैसे थकले तर खटला न भरता पगारातून वळते करता येतात.

रक्कम ठरते ती तक्त्यावरून. ड्युसेलडॉर्फच्या वरिष्ठ न्यायालयाचा हा तक्ता 1962 पासून चालत आलेला आहे. बापाचं हाती येणारं उत्पन्न एका बाजूला, मुलाचं वय दुसऱ्या बाजूला, मध्ये आकडा. 2025 चा सर्वात खालचा आकडा सहा वर्षांखालच्या मुलासाठी 482 युरो होता. त्यातून सरकारी बालभत्त्याचा अर्धा वाटा वजा होऊन बापानं 354 युरो 50 सेंट द्यायचे. नोकरी करणाऱ्या बापाला स्वतःच्या जगण्यासाठी निदान 1450 युरो ठेवता येतात, तेवढ्याला मुलाच्या पोटगीसाठीही हात लावत नाहीत. न्यायाधीश कनवाळू आहे की तापट, वकील महागडा आहे की स्वस्त, याचा त्यात संबंध फार थोडा. आणि बाळाच्या आईचाही हक्क आहे, लग्न झालेलं नसलं तरी. बाळंतपणाआधीचे सहा आठवडे आणि नंतरचे आठ आठवडे बापानं तिचा खर्च द्यायचा, आणि मूल सांभाळण्यासाठी तिला घरी राहावं लागलं तर निदान मूल तीन वर्षांचं होईपर्यंत. हे बऱ्याच जर्मन पुरुषांनाही माहीत नसतं.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण भारतात कुणाला हे सांगितलं की पहिलं उत्तर येतं, "त्यांची संस्कृतीच वेगळी." 1900 साली लागू झालेल्या जर्मन नागरी कायद्यात सरळ लिहिलं होतं की अनौरस मूल आणि त्याचा बाप हे एकमेकांचे नातेवाईक समजले जाणार नाहीत. रक्ताचा बाप, पण कायद्यानं परका. शिवाय बापाला एक पळवाट दिलेली होती. गर्भ राहण्याच्या काळात त्या बाईचे आणखी कुणाशी संबंध होते असं दाखवलं की त्याची पोटगीतून सुटका. म्हणजे कोर्टात बाईची अब्रू निघायची आणि बाप मोकळा व्हायचा. 1949 च्या राज्यघटनेनं अनौरस मुलांना समान संधीचं वचन दिलं, तरी वीस वर्षं काही हललं नाही. 1969 च्या जानेवारीत इथल्या घटना न्यायालयाने संसदेला बजावलं की आता कायदा केलाच पाहिजे, तेव्हा 1 जुलै 1970 पासून बाप आणि मूल नातेवाईक झाले. औरस-अनौरस हा भेद कायद्यातून पुरता जायला 1998 उजाडलं. माझ्या ऑफिसातल्या निवृत्तीला आलेल्या सहकारी बाईंचा जन्म 1970 च्या आधीचा. त्या अशाच घरात वाढल्या आणि शाळेत त्यांना काय ऐकावं लागलं ते त्यांनी मला सांगितलं आहे. ते ऐकताना मला वणीची शाळा आठवत होती. संस्कृती दोन्हीकडे तीच होती. इथे कायदा बदलला, कार्यालयं उभी राहिली, पैसे कापले जाऊ लागले, आणि मग हळूहळू लोकांची तोंडं बंद झाली.

आपल्याकडे कायदा नाही असं कुणी समजू नये. उलट हेच मला जास्त लागतं. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही अनौरस मुलाच्या पोटगीची तरतूद होती. 1973 च्या संहितेत ती कलम 125 म्हणून आली आणि 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 मध्ये आहे. औरस असो वा अनौरस, अज्ञान मुलाला बापानं पोसलंच पाहिजे. महिना 500 रुपयांची जुनी मर्यादा 2001 मध्ये निघाली. अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो 60 दिवसांत निकाली काढायचा असंही लिहिलेलं आहे. जर्मनीत बाप आणि मूल कायद्यानं परके होते त्या काळात आपल्याकडे हे कलम होतं.

मग अडतं कुठे? अडतं ते ही सगळी वाट त्या एकट्या बाईनं चालायची असते तिथे. वकील तिनं करायचा, कोर्टात तिनं उभं राहायचं, बाप कोण हे तिनं सिद्ध करायचं. डीएनए तपासणी मागितली तर ती द्यायची की नाही हे न्यायाधीश ठरवणार. सर्वोच्च न्यायालयानं 1993 पासून सांगितलं आहे की अशी तपासणी ऊठसूट देऊ नये, कारण त्यानं मुलावर अनौरसपणाचा शिक्का बसतो. या काळजीमागचा हेतू मी समजू शकते. पण शिक्का बसतो तो समाज तसा आहे म्हणून, आणि सुटतो तो बाप. त्यात 1872 च्या पुरावा कायद्यातलं जुनं गृहीतक आजही साक्ष अधिनियमाच्या कलम 116 मध्ये आहे. लग्न टिकून असताना किंवा ते संपल्यावर 280 दिवसांत जन्मलेलं मूल नवऱ्याचंच, जोवर त्या काळात नवराबायकोचा संबंध येणं शक्यच नव्हतं हे सिद्ध होत नाही तोवर. 2025 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका प्रकरणात याच आधारावर निकाल दिला. आपला खरा बाप दुसरा आहे म्हणून पोटगी मागणाऱ्या तरुणाला त्या माणसाची तपासणी मिळाली नाही.

चिकाटीनं लढून जिंकता येतं याचं उदाहरण म्हणून सगळे नारायण दत्त तिवारींचं प्रकरण सांगतात. उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडचे माजी मुख्यमंत्री. रोहित शेखरनं 2008 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला, तिवारींनी रक्त द्यायला शेवटपर्यंत टाळाटाळ केली, 2012 मध्ये कोर्टाच्या हुकमानं ते घेतलं गेलं आणि ते बाप निघाले. 2014 मध्ये त्यांनी ते मान्य केलं. पण लढणारा मुलगा तेव्हा तिशी ओलांडलेला होता, आणि त्याच्यामागे दिल्लीतली, राजकारणातली, वकिलांपर्यंत पोचणारी आई होती. यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणी तालुक्यातल्या कोलाम आदिवासी मुलीकडे यातलं काय असतं?

त्या मुलींबद्दल लिहिल्याशिवाय मला हा लेख लिहिता येणार नव्हता, कारण ते माझ्या माहेरापासून लांब नाही. झरी जामणी, मारेगाव, पांढरकवडा या पट्ट्यात "कुमारी माता" हा शब्द आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. बाहेरून आलेले कंत्राटदार, व्यापारी, कामावरचे मुकादम आदिवासी पाड्यांवरच्या मुलींना नादी लावतात, दिवस गेले की निघून जातात. दर काही वर्षांनी वर्तमानपत्रात मालिका येते, विधिमंडळात प्रश्न विचारला जातो, पाहणी होते, पुनर्वसनाची घोषणा होते. शिलाई मशीन, घरकुल, अनुदान. सगळ्या योजना आईच्या. मुलींची यादी होते, बापांची यादी कधी झाली? ते कंत्राटदार काही हवेत विरत नाहीत. त्यांची नावं कामाच्या फलकावर असतात, बिलं सरकारी खात्यातून निघतात. ज्या माणसाचं बिल सरकार देतं त्याच्या बिलातून मुलाची पोटगी कापून घेणं याहून सोपी वसुली कोणती असेल?

आपल्या राज्यात पैशाची सोयही थोडीफार आहे. सावित्रीबाई फुले यांच्या नावानं चालणाऱ्या बालसंगोपन योजनेत एकल पालकांच्या मुलांना महिना 2250 रुपये मिळतात. जर्मनीची आगाऊ पोटगी आणि ही योजना यांत फरक एकच, आणि तोच सगळा फरक आहे. इथे सरकार पैसे देतं आणि बापाला हिशेब पाठवतं. तिथे सरकार पैसे देतं आणि बापाला विसरतं. सावित्रीबाईंचं नाव या योजनेला आहे म्हणून आठवण करून देते. 1863 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं ते फसवल्या गेलेल्या विधवांसाठी. पुढे 1881 मध्ये सुरतेकडच्या एका विधवेला नवजात बाळाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, नंतर ती कमी झाली, आणि वर्तमानपत्रांनी बायकांच्या चारित्र्यावर ताशेरे ओढले. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदेंनी 1882 मध्ये लेखणी उचलली ती त्याच संतापातून. बाई एकटी गुन्हेगार कशी, हा त्यांचा सवाल. तो आमच्याच विदर्भातून विचारला गेला होता, आणि झरीच्या पाड्यांवर आजही तो अनुत्तरित आहे.

आता सध्याच्या वादाकडे येते. घरून येणाऱ्या बातम्यांत पुरुषाची जबाबदारी दोनच रूपांत दिसते. एक, "लग्नाचे आमिष दाखवून अत्याचार". पूर्वी हे बलात्काराच्या कलमाखाली जायचं, न्याय संहितेत आता त्यासाठी वेगळं कलम 69 आहे आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत. खोटं बोलून बाईला फसवणाऱ्याला शिक्षा व्हावी, यात मला शंका नाही. पण दिवस गेलेल्या मुलीच्या हातात हे एकच शस्त्र दिलं की काय होतं ते बघा. तिला संबंधाला गुन्हा म्हणावं लागतं, जरी तो तिच्या लेखी गुन्हा नसला तरी. मुलगा अटकेच्या भीतीनं लग्नाला उभा राहतो किंवा दोन्ही घरचे बसून तडजोड करतात, गुन्हा रद्द होतो. त्या सगळ्या देवाणघेवाणीत बाळाच्या नावावर दरमहा किती, हे कोण लिहून घेतं? बाळाला गुन्हेगार बाप नको असतो आणि मारूनमुटकून बोहल्यावर चढवलेलाही नको असतो. त्याला दूध, दवाखाना आणि फी लागते.

दुसरं रूप म्हणजे पोटगीविरुद्धचा संताप. 2024 च्या डिसेंबरात बंगळुरूत एका तरुण अभियंत्यानं वैवाहिक खटल्यांना कंटाळून आत्महत्या केली, आणि तेव्हापासून माझ्या ओळखीतले शहाणे, सुशिक्षित पुरुषही "पोटगी म्हणजे खंडणी" असं बोलू लागले. त्या मृत्यूचं दुःख खरं आहे आणि कोर्टात वर्षानुवर्षं घासल्या जाणाऱ्या पुरुषांची दमछाकही खरी आहे. पण त्याचा इलाज जबाबदारी काढून घेणं हा नाही. इथल्या तक्त्याचा उपयोग पुरुषाला कमी होत नाही. किती द्यायचं हे पहिल्या दिवशी कळतं, स्वतःसाठी किती उरणार हेही कळतं, आणि अवाच्या सवा आकडे मागून घासाघीस करायला जागाच राहत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2020 च्या नोव्हेंबरात दोन्ही बाजूंनी उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र द्यावं, पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावी, असे नियम घालून दिले. ते चांगले आहेत. मुलांपुरता तक्ता करणं ही त्याची पुढची पायरी व्हायला हवी.

आणि तो नेहमीचा युक्तिवाद: "मूल ठेवायचं की नाही हे ती ठरवते, मग पैसे मी का द्यायचे?" हा फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत मिशिगनच्या एका तरुणानं 2006 मध्ये यावर फेडरल कोर्टात दावा लावला होता. मैत्रिणीनं मूल होऊ शकत नाही असं सांगितलं होतं, म्हणून आपल्याला पोटगीतून वगळावं, असं त्याचं म्हणणं. दावा फेटाळला गेला, अपिलातही टिकला नाही. मला हा युक्तिवाद सरळ नामंजूर आहे. गर्भ तिच्या शरीरात असतो, म्हणून तो ठेवण्या-न ठेवण्याचा निर्णय तिचा. भारतात 1971 च्या कायद्यानं सज्ञान बाईची एकटीची संमती पुरेशी धरली आहे, जरी रुग्णालयं अजून नवऱ्याची सही मागतात. पुरुषाच्या निर्णयाची वेळ त्याच्या आधी असते आणि ती पूर्णपणे त्याच्या हातात असते. ती त्यानं घालवली की पुढे जन्मलेल्या मुलाला "तुझ्या आईनं ठरवलं, तिलाच विचार" असं सांगायचा अधिकार त्याला उरत नाही. मुलानं कुणालाच काही वचन दिलेलं नव्हतं.

नैतिक जबाबदारी खरी तिथेच सुरू होते, आणि तिथे आपले आकडे लाज आणणारे आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 2021 मध्ये, नसबंदी केलेल्या बायका 37.9 टक्के आणि पुरुष 0.3 टक्के. कंडोम वापरणारी जोडपी साडेनऊ टक्के. "गर्भनिरोधन हे बायकांचं काम आहे, पुरुषानं त्याची काळजी करायचं कारण नाही" याला होकार देणारे पुरुष 35 टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी, बिनटाक्याची, तासाभरात घरी जाता येईल अशी. आणीबाणीत सक्तीनं झालेल्या नसबंदीची भीती घराघरात बसली हे खरं, पण त्याला आता जवळपास पन्नास वर्षं झाली. त्या भीतीची किंमत इतकी वर्षं बायकांची पोटं मोजत आहेत. मुंबईत 1921 मध्ये रघुनाथ धोंडो कर्व्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी नोकरी घालवली, त्या महाराष्ट्रात ही स्थिती. माझ्या इथल्या ऑफिसात दोन मुलांचा बाप असलेला एक सहकारी जेवताना सहज म्हणाला की शुक्रवारी मी नाही, नसबंदी करून घेतोय, बायकोनं इतकी वर्षं गोळ्या खाल्ल्या, आता माझी पाळी. इथला आरोग्य विमा त्याचे पैसे देत नाही, खिशातून द्यावे लागतात. टेबलावरच्या कुणीही घास थांबवला नाही.

जर्मनीत सगळं आलबेल आहे असं म्हणण्याचा माझा हेतू नाही. आगाऊ पोटगीवर आठ लाखांहून जास्त मुलं आहेत, म्हणजे तितक्या मुलांचे बाप पुरेसं देत नाहीत किंवा देऊ शकत नाहीत, आणि सरकारनं दिलेल्यातला थोडाच हिस्सा परत येतो. एकट्या आईच्या घरात गरिबी इथेही जास्त आहे. गर्भपात इथे कागदोपत्री अजून बेकायदा आहे. पहिल्या 12 आठवड्यांत केला तर शिक्षा नाही, पण त्यासाठी बाईनं समुपदेशन घेऊन दाखला आणायचा आणि मध्ये तीन दिवस थांबायचं. ज्यानं तिला या वळणावर आणलं त्याला कुठलाही दाखला लागत नाही. या बाबतीत भारताचा कायदा बाईला जास्त समजून घेतो, असं मी इथल्या मैत्रिणींना सांगत असते. तरीही याच देशाच्या दंडसंहितेतलं कलम 170 मला फार महत्त्वाचं वाटतं. गर्भवतीचा खर्च द्यायचं ज्याच्यावर बंधन आहे त्यानं तो निंद्य रीतीनं रोखला आणि त्यामुळे तिला गर्भपात करावा लागला, तर त्या पुरुषाला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. असे खटले क्वचितच होतात. पण पैसे रोखून बाईचा निर्णय तिच्याकडून काढून घेता येतो, हे कायद्यानं ओळखलं आहे.

महाराष्ट्रानं काय करावं, याचं माझं म्हणणं लांबलचक नाही. 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव बंधनकारक झालं, ते योग्यच झालं. आता बापाचं नाव शोधायचं काम आईकडून काढून सरकारनं घ्यावं. जिल्हा महिला व बालविकास अधिकारी आहेत, बाल संरक्षण कक्ष आहेत. आई तयार असेल तर मुलाच्या वतीनं कलम 144 चा अर्ज त्यांनी करावा, तपासणी सरकारी प्रयोगशाळेत फुकट व्हावी, बालसंगोपनाचे 2250 रुपये लगेच सुरू करावेत आणि बाप ठरला की त्याच्या पगारातून, बिलातून, शेतमालाच्या पट्टीतून ते वसूल करावेत. आई तयार नसेल, तिला त्या माणसाचं तोंड बघायचं नसेल, तर तिच्यावर सक्ती नको. बलात्कारातून राहिलेल्या गर्भाच्या बाबतीत तर अजिबात नको. तिथे पैसे हवेत, पण त्या माणसाला मुलावर कुठलाही हक्क नको.

केंद्राकडे एक मागणी आहे, आणि ती परदेशात राहणाऱ्या आम्हा सगळ्यांची असायला हवी. देशोदेशींची पोटगी एकमेकांच्या हद्दीत वसूल करण्यासाठी 2007 मध्ये हेगला करार झाला. जर्मनीत तो युरोपीय संघामार्फत लागू आहे, भारत त्यात नाही. त्यामुळे इथे मूल जन्माला घालून पुण्याला किंवा हैदराबादला परत गेलेल्या तरुणाकडून त्या मुलाला पै मिळवणं फार अवघड आहे, आणि हे माहीत असलेले तरुण मी पाहिले आहेत. तसंच महाराष्ट्रात बायकापोरांना सोडून इकडे येऊन बसलेल्या नवऱ्यांकडून तिकडच्या मुलांना पोटगी मिळवणंही तितकंच अवघड आहे. सांगली-नाशिकहून अशा बायकांचे फोन मंडळातल्या आम्हा दोघीतिघींना येतात. नवऱ्याचा पत्ता, कंपनीचं नाव, सगळं त्यांच्याकडे असतं, आणि आम्ही त्यांना इथल्या वकिलाचा नंबर देण्यापलीकडे काही करू शकत नाही. करारावर सही झाली तर तिथल्या कोर्टाचा पोटगीचा हुकूम इथल्या पगारावर बजावता येईल, आणि इथला तिथल्या पगारावर.